लांजेवारांच्या घरचं सुवर्णपदक

करिष्मा लांजेवार चालण्याच्या शर्यतीत कशी आली, हे ती स्वतःहून कोणाला सांगत नाही. त्यात जिद्द, स्वप्न असलं काही नाही. तेरा वर्षांची असताना ती धावायची आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत पंधराशे मीटरमध्ये सहावी आली. सहावीचं कोणी नावसुद्धा विचारत नाही. पण रेशीमबागेच्या मैदानावर पोरापोरींना फुकट शिकवणारे मधुसूदन पांढरीपांडे सर होते, त्यांनी तिला बाजूला घेतलं.

"बेटा, धावण्यात आपल्या नागपूरच्या पोरी वाघिणी आहेत," सर म्हणाले. "तिथं तुझा नंबर लागता लागता तुझं लग्न होऊन जाईल. तू चाल."

"चालू म्हणजे काय करू, सर?"

"चालण्याची शर्यत असते. आपल्या जिल्ह्यात त्यात दोनच पोट्ट्या आहेत, अन् मेडल तीन आहेत."

दोन महिन्यांनी करिष्मा जिल्ह्यात तिसरी आली. तिघींत तिसरी, पण मेडल ते मेडल. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, तसं ते सुरू झालं. मात्र गाय लंगडी राहिली नाही हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर पोरीवर अन्याय होईल. दोन वर्षांत ती जिल्ह्यात पहिली आणि विभागात दुसरी आली, आणि विभागात तेव्हा चौदा जणी चालत होत्या.

लांजेवारांचं घर सक्करदऱ्याला, तलावामागच्या वस्तीत. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. आई रुख्मिणी पडवीत मशीनवर ब्लाउज शिवते. वडील मारोतराव तेव्हा कळमन्याच्या धान्यबाजारात मापारी होते. आडत्याच्या काट्यावर पोतं चढवायचं, वजन मोठ्यानं पुकारायचं, पोतं उतरवायचं. तीस वर्षं या माणसानं तोंडातून वजनाच्या आकड्यांखेरीज फारसं काही काढलं नाही, असं रुख्मिणीबाई म्हणतात, आणि त्यांना विचाराल तर त्यात तक्रार नाही.

चालण्याच्या शर्यतीचे नियम दोनच. एक पाय सतत जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे, आणि पुढं टाकलेला पाय टेकताना गुडघ्यात वाकता कामा नये. हे पाहायला ट्रॅकभर पंच उभे असतात. पंच आधी पिवळी पाटी दाखवून ताकीद देतो, आणि नियम मोडलाच असं त्याला वाटलं तर गुपचूप लाल कार्ड लिहून मुख्य पंचाकडे पाठवतो. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली की खेळाडू बाद. कॅमेरा नाही, मशीन नाही. माणसाच्या डोळ्याला दिसलं ते खरं.

असं चालायचं तर माणूस कमरेतून हलतो, त्याला इलाज नाही. आणि तेरा-चौदा वर्षांची पोरगी तलावाच्या रस्त्यानं कंबर हलवत भराभर चालली की रिकामटेकड्यांची सोय होते. पहिल्या आठवड्यातच शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी मागून गाणं लावलं. रुख्मिणीबाईंनी सांगून टाकलं, "हे असं नाचत चालणं बंद कर वं. धाव पायजे तं." दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मारोतरावांनी सायकल काढली. करिष्मा पुढं चालली आणि ते मागून दहा-पंधरा हात अंतर ठेवून सायकलवर. मापाऱ्याचे दंड पाहून शिट्ट्या आपोआप थांबल्या. तलावाला सहा फेऱ्या झाल्या की ती घरी यायची आणि ते तसेच कळमन्याला जायचे. चार वर्षं हा क्रम चालला. पोरीच्या खेळातलं आपल्याला काही कळत नाही, असं ते सगळ्यांना सांगत.

सतरा वर्षांची असताना तिची निवड राज्य स्पर्धेसाठी झाली. स्पर्धा पुण्याला होती. पाच हजार मीटर, म्हणजे ट्रॅकच्या साडेबारा फेऱ्या. आठव्या फेरीपर्यंत ती चौथी होती. नवव्या फेरीत एका पंचानं पिवळी पाटी दाखवली, पाटीवर लाटेसारखी रेघ, म्हणजे दोन्ही पाय जमिनीवरून सुटताहेत. अकराव्या फेरीत दुसऱ्यानं दाखवली. तिनं पाहिली, पण तिला स्वतःला काही जाणवत नव्हतं. पाय हलके होते, श्वास ठीक होता, पुढच्या पोरी जवळ जवळ येत होत्या. शेवटच्या फेरीत तिनं तिघींना मागं टाकलं आणि पहिली पोहोचली. आयुष्यात तिला एवढा आनंद झाला नव्हता. ती सरांच्या हातातला फोन ओढून घेऊन स्टेडियमच्या जिन्याखाली पळाली आणि तिनं बापाला फोन लावला.

"बाबा, मी पहिली आली."

"कोठं?"

"पुण्याले. राज्यात."

मग मारोतरावांनी कळमन्याच्या शेडमध्ये, पोत्याचं वजन पुकारायच्याच आवाजात, पोरगी महाराष्ट्रात पहिली आल्याचं पुकारलं. ते तिला फोनवर ऐकू आलं.

आता इकडची गंमत ऐका, गंमत म्हणायची असली तर. ती जिन्याखाली बोलत होती तेव्हा मुख्य पंच हातात लाल पाटी घेऊन तिला मैदानभर शोधत होते. तिसरं लाल कार्ड शेवटच्या फेरीत पडलं होतं. रेषेपर्यंत पोहोचायच्या आत तिला थांबवायला वेळच मिळाला नव्हता. अशा वेळी शर्यत संपल्यावर सांगितलं तरी नियमात बसतं. दहा मिनिटांनी तिला सांगितलं गेलं. अर्ध्या तासानं भिंतीवर निकालाचा कागद लागला. त्यात तिचं नाव सगळ्यांत खाली होतं आणि वेळेच्या जागी बाद झाल्याची खूण होती.

सरांनी अपील केलं. अपील संध्याकाळी फेटाळलं. तोवर कळमन्याच्या आडत्यानं संत्र्यांची पेटी फोडून वाटली होती, आणि सक्करदऱ्यात वस्तीतल्या मंडळाचा अध्यक्ष अंकित भोयर यानं फ्लेक्स छापायला टाकला होता. आमच्याकडे पोरगं पास होण्याआधी फ्लेक्स तयार असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. मध्ये बापाचा फोन तीनदा आला. सर म्हणाले, "फोनवर नको सांगू. घरी गेल्यावर शांतपणे सांगजो."

गाडी नागपूर स्टेशनात शिरली तर फलाटावर ढोल. अंकितनं करिष्माच्या गळ्यात हार घातला, मग सरांच्या. पांढरीपांडे सर माणूस वाईट नव्हे. बावीस वर्षं त्यांनी मैदानावर फुकट घाम गाळला होता आणि स्टेशनावर त्यांना घ्यायला कधी कुत्रंही आलं नव्हतं. त्यांनी मान वाकवली. हार घालून घेतला. करिष्मानं त्यांच्याकडे पाहिलं, ते दुसरीकडे पाहत होते. घरी आईनं ओवाळलं. पडवीत शंभर माणूस होता आणि त्यांच्यासमोर उभे राहून मारोतराव बोलत होते, चक्क भाषण करत होते. तिनं ठरवलं, उद्या सांगू.

उद्या चौकात फ्लेक्स लागला. परवा पेपरात बातमी आली, अंकितनं दिलेली. त्यानंतर सांगायचं म्हणजे एकट्या बापाला सांगायचं नव्हतं, सगळ्या वस्तीला सांगायचं होतं. सर म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, बेटा. पुढच्या वर्षी खरंच आण, म्हणजे झालं." मेडल कुठं आहे, असं रुख्मिणीबाई विचारू लागल्या तेव्हा ते म्हणाले, मागून येतं, पुण्याहून. चार महिन्यांनी ते खरंच एक मेडल घेऊन आले. बर्डीच्या बाजारात ट्रॉफ्यांच्या दुकानात मिळतं तसं, पिवळं, निळ्या फितीचं, मागं काहीच न कोरलेलं. करिष्माला त्यांनी दारातच डोळ्यांनी गप्प बसवलं. मारोतरावांनी ते देव्हाऱ्याच्या बाजूला खिळा ठोकून टांगलं, त्याआधी तेवढ्या भिंतीला चुना लावला.

पुढच्या वर्षी तिनं खरं मेडल आणलं नाही. आणणं शक्यच नव्हतं. पुण्यात आपले पाय सुटले होते की नाही, हे तिला कळलं नव्हतं; तीन अनोळखी माणसांना दिसलं आणि तिला स्वतःला जाणवलं नाही. मग आता पाय टेकलेत हे तरी कशावरून? ती खाली बघत चालू लागली. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर ओठ आपला वाटत नाही, तसे तिला पाय वाटत नव्हते. पाचवी आली, मग नववी आली. त्या दोन वर्षांत तिला एकही लाल कार्ड मिळालं नाही, पिवळी पाटीसुद्धा नाही, कारण ती रेशनच्या दुकानात निघाल्यासारखी चालत होती. एकोणिसाव्या वर्षी तिनं बूट शेजारच्या पोरीला देऊन टाकले. त्या दिवशी आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. जेवली आणि झोपली.

नंतरचं सांगण्यासारखं फार नाही. बी. ए. झाली. कॉम्प्युटरचा कोर्स केला. आता सत्तावीस वर्षांची आहे आणि गेली पाच वर्षं बर्डीच्या मेट्रो स्टेशनवर तिकीट खिडकीत बसते, कंत्राटी नोकरी. आठ तास बसून काम. लोक काचेपलीकडून स्टेशनचं नाव सांगतात, ती तिकीट देते. कोणी ओळखीचं निघालं तर म्हणतं, "अरे, तू तं ती गोल्डवाली ना?" ती हसते. खेळाची आठवण येते का, असं लोक विचारतात. ती नाही म्हणते, आणि ते खरं आहे. आठवण यायला आतून काहीतरी हलावं लागतं. दोन स्थळं आली, एक तिनं नाकारलं, एकानं तिला नाकारलं. तिला दोन्हीचं सारखंच वाटलं, म्हणजे काहीच वाटलं नाही. रुख्मिणीबाई शेजारणीला म्हणतात, माझी पोट्टी लई शांत आहे. शांत कसली, दहा वर्षं पोरगी बधिर होती. पण घरातल्या माणसांना तो स्वभाव वाटतो.

मारोतराव मात्र त्या दहा वर्षांत बदलले. कळमन्यातून ते निवृत्त झाले, गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. आणि ज्या माणसाच्या तोंडातून वजनं सोडून काही निघत नव्हतं, तो आता चौकातल्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पोरगी महाराष्ट्रात पहिली कशी आली ते सांगतो. साडेबारा फेऱ्या, चौथ्यावरून पहिली. ऐकणाऱ्यांना तोंडपाठ आहे, तरी ऐकतात. म्हाताऱ्याकडे दुसरं काही नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. करिष्माला तर सगळ्यांत जास्त.

गेल्या महिन्यात अंकित भोयर घरी आला. अध्यक्ष आता चाळिशीला टेकला आहे आणि वॉर्डात निवडणुकीला उभं राहायच्या खटपटीत आहे. तलावाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत बाग झाली होती, बागेभोवती चालायचा रस्ता. उद्घाटन रविवारी होतं.

"काका, आपल्या करिष्माचंच नाव देऊन राहिलो ट्रॅकले," तो म्हणाला. "अन् बोर्ड-बीर्ड काही नाही. दगड लावतो, काळा ग्रॅनाइट. फ्लेक्स फाटते, दगड राहते. स्टेजवर तुमचाबी सत्कार आहे."

त्यानं मारोतरावांच्या हातात एक कागद दिला. दगडावर कोरायचा मजकूर होता. 'राज्य सुवर्णपदक विजेती कु. करिष्मा मारोतराव लांजेवार पदपथ.' नाव, काना-मात्रा घरच्यांनी तपासून द्यायच्या होत्या; कागद शुक्रवारी सकाळी कोरणाऱ्याकडे जायचा होता. करिष्मा ड्युटीवरून आली तेव्हा मारोतराव कागद चांगल्या डोळ्याजवळ धरून तो मोठ्यानं वाचत होते. तेवढीच ओळ, पुन्हा पुन्हा. आपलं नाव आलं की थांबत होते.

फ्लेक्स फाटला होता, पेपर रद्दीत गेला होता. दगड जाणार नव्हता. आपण मेल्यावरही सक्करदऱ्यात ते खोटं उभं राहील, आणि रोज सकाळी लोक त्याच्याभोवती चालतील, हे तिच्या ध्यानात आलं. सांगायचं तर शुक्रवारच्या आत सांगायचं होतं. आणि सांगितलं तर बाकावर बसलेल्या त्या माणसाकडे काय उरणार होतं?

बुधवारी दुपारी सुट्टी घेऊन ती पांढरीपांडे सरांकडे गेली. सर शहराच्या महाल भागात राहतात, आता सत्तरीला आले आहेत, मैदान सुटलं आहे. काकूंनी चहा दिला. करिष्मानं दगडाचं सांगितलं.

"वा," सर म्हणाले. "अंकितनं डोक्याचं काम केलं एकदा तरी."

"सर, मी बाद झाली होती."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "ते अपील वगैरे झालं होतं ना? नंतर आपल्या बाजूनं सुटलं ते."

"नाही सुटलं. अपील फेटाळलं होतं."

"मग मेडल कसं आलं? मीच तर आणून दिलं, पुण्याहून आलेलं."

"तुम्ही बर्डीवरून आणलं होतं, सर."

सरांचा चेहरा पडला. त्यांना खरंच लागलं होतं. "मी खोटं मेडल आणीन, करिष्मा? काहीतरीच तुझं," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी कपाटातली फाइल काढली. त्यात पेपरातलं कात्रण होतं, नीट चिकटवलेलं: राज्य स्पर्धेत नागपूरच्या करिष्माला सुवर्ण. "हे बघ. छापून आलेलं आहे."

आधी ते नाटक करताहेत असं तिला वाटलं. मग तिला कळलं की नाटक नाही. दहा वर्षं सांगता सांगता मास्तरांनी ते खरं करून टाकलं होतं. ती चहा संपवून, नमस्कार करून निघाली. आता ही गोष्ट ठाऊक असलेली ती एकटीच उरली होती. ती गप्प बसली तर कोणालाही कधीच कळणार नव्हतं, आणि हे सोपं होतं. महालातून सक्करदऱ्यापर्यंत ती चालतच आली. वाटेत तिनं ठरवलं की आज सांगायचं, कारण आणखी दहा वर्षांनी आपणही फाइल काढून दाखवू.

संध्याकाळचे सहा झाले होते. मारोतराव खाटेवर बसले होते, रुख्मिणीबाई पडवीत मशीनवर. कागद खाटेवरच होता.

"बाबा, या कागदात एक शब्द चूक आहे."

"कोणता?" मारोतरावांनी लगबगीनं चष्मा घातला. "मी तं चारदा पाह्यला."

"सुवर्णपदक."

त्यांनी शब्द पाहिला. "म्हणजे चांदीचं होतं काय?"

"नाही. काहीच नव्हतं. मी बाद झाली होती, बाबा."

मशीन थांबली. मारोतराव म्हणाले, "तू तं फोन केला होता."

"तवा मी पहिलीच आली होती. मंग दहा मिनिटांनी त्यांनी सांगतलं. तीन पंचांनी लाल कार्ड देलं होतं, दोन्ही पाय उचलते म्हणून. अपील केलं, ते बी गेलं."

"अन् हे?" त्यांनी देव्हाऱ्याकडे हात केला.

"ते सरांनी बर्डीवरून आणलं होतं."

ते ओरडतील, निदान रडतील, अशी तिनं तयारी केली होती. ते फक्त तिच्या पायांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुले समजत नव्हतं काय? पाय सुटून राहिले म्हणून?"

"नाही. मले आजबी माहीत नाही. कधी वाटते, ते पंचच खोटे बोलले असन."

"खोटे नाही बोलले," मारोतराव म्हणाले.

करिष्माला आधी नीट ऐकूच आलं नाही.

"सुटत होते तुझे पाय," ते म्हणाले. "थकली की सुटत होते. तलावाच्या वळणावर, चौथ्या-पाचव्या फेरीत. रोज. मी मागून पाहत होतो न."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सर होते शिकवणारे. मी काट्यावरचा माणूस, मले काय समजते?" खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, त्यांना ते पुढं रेटता आलं नाही. "समजत होतं, वं. पण पाय सुटले की तू अशी सपाट्यानं पुढं जात होती. मले सायकल मारा लागत होती तुह्या मागं. जिंकून राहिली होती तू. तुले कसा थांबवू?"

रुख्मिणीबाई पडवीतून म्हणाल्या, "चूप बसा आता." कोणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

करिष्माला राग आला. दहा वर्षांत पहिल्यांदा तिला काहीतरी झालं, आणि तो राग होता. चार वर्षं हा माणूस मागून सायकलवर होता. एकदा म्हणायचं होतं, बेटा, पाय सुटतात. एका सकाळी, एका वळणावर. ती सावकाश झाली असती, सुधारली असती, कदाचित पुण्याला गेलीच नसती. पण स्वतःचे पाय तिला स्वतःचे वाटले असते. "एकदा सांगाचं होतं, बाबा," एवढंच ती म्हणाली. तिचा आवाज इतका चढला की शेजारची कामिनी वहिनी दारात येऊन उभी राहिली. करिष्मा आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. त्या संध्याकाळी घरात कोणी धड जेवलं नाही.

गुरुवारी तिची सकाळची पाळी होती. ती बापाशी न बोलता निघाली. कागद खाटेवर होता तसाच होता. दिवसभर खिडकीत ती चुकत राहिली. एकाला उलट्या दिशेचं तिकीट दिलं, एकीवर खेकसली. लंचच्या वेळी डबा उघडला आणि तिला सपाटून भूक लागली होती. तिनं सगळा डबा खाल्ला आणि रागातच खाल्ला.

पाच वाजता ती घरी पोहोचली तेव्हा आई पडवीत उभी होती. मशीनवर झाकण होतं. खाट रिकामी होती.

"बाबा कोठं आहे?"

"चौकात," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "बारा वाजता कागद घेऊन गेले. अंकित होता, ते बाकावरचे सगळे होते. त्याइच्यासमोर कागद फाडला म्हणते. अंकित म्हणे, काका, गोल्ड राहू द्या बाजूले, राज्य खेळाडू लिहितो, सत्कार तं होऊन जाऊ द्या. हे म्हणे, काही लिहू नको."

"अजून काय म्हणाले?"

आईनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणे, पोट्टी बाद झाली होती. तिले समजत नव्हतं, मले दिसत होतं. मी बोललो नाही. चूक माही आहे, तिची नाही. दहा माणसायसमोर सांगतलं, करिष्मा. मले कामिनीनं येऊन सांगतलं तवा मी गेली बोलवाले."

"मंग आले काहून नाही?"

"म्हणे, पोरीची ड्युटी सुटाची वेळ होते, कोणत्या तोंडानं घरी येऊ." रुख्मिणीबाई खाटेवर बसल्या. "पाच तास झाले. बाक रिकामा झाला, सगळे उठून गेले. एकटेच बसून आहेत उन्हात. पाणीबी नाही पेले."

करिष्मानं पर्स आईच्या हातात दिली. राग अजून होता, सकाळइतकाच होता. पण आता त्या माणसाची कीवही येत होती. मग तिनं माठातून तांब्या भरून घेतला आणि बापाला घरी आणायला ती चौकाकडे निघाली.